बायबलाची पारख आणि इंद्रायणीकांठच्या वह्या

देहूस इंद्रायणीच्या कांठीं जें गाथामंदिर अलीकडच्या काळांत उभें राहिलें आहे, त्याच्या भिंतींवर तुकोबांचे अभंग संगमरवरांत कोरलेले आहेत. यात्रेकरू त्या अक्षरांवरून बोट फिरवीत आपल्या नित्यपाठांतला अभंग शोधतो आणि तो सांपडला म्हणजे हात जोडून पुढें जातो. दगडांत कोरलेलें अक्षर पाहिलें कीं मनास सहज वाटतें, हें पहिल्यापासून असेंच होतें व असेंच राहणार. परंतु संगमरवर हा त्या अभंगांचा अगदीं शेवटचा मुक्काम होय. त्यापूर्वीं ते छापील गाथांत होते. त्यापूर्वीं हातानें उतरलेल्या वह्यांत होते. त्यापूर्वीं टाळकऱ्यांच्या कंठांत होते. या मुक्कामांपैकीं कोणत्या ठिकाणीं कांहीं गळलें, कोणत्या ठिकाणीं कांहीं नवें शिरलें, हें दगड सांगत नाहीं. तें वह्यांना विचारावें लागतें.

हाच प्रश्न बायबलासंबंधानें जगांत गेलीं कित्येक शतकें विचारला जात आहे, आणि आपल्याकडेही तो अपरिचित नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, तेव्हांपासून पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत जिल्ह्याजिल्ह्यांतलीं माणसें पोटासाठीं येऊन वसलीं. एकाच जिन्याच्या एका दाराआड गाथा आहे, तर दुसऱ्या दाराआड बायबल. अशा शेजारांत कधीं ना कधीं विषय निघतोच, कीं हें तुमचें पुस्तक आलें कोठून, आणि त्यावर विश्वास काय म्हणून ठेवावा? या प्रश्नास उत्तर देतांना एक जण भक्तीच्या भरांत बोलतो, दुसरा उपहासाच्या. पुस्तक मात्र दोघांनींही नीट पाहिलेलें नसतें.

बायबलाचा उगम कसा झाला, तें कितपत विश्वसनीय आहे आणि त्याचें अध्ययन कसें करावें, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे. आमचें म्हणणें असें कीं, ही पारख शिकण्यास मराठी वाचकास जेरुसलेमास जाण्याचें कारण नाहीं. तिची शाळा देहू, चाकण, तळेगांव आणि कडूस या गांवांच्या दरम्यानच आहे. अट एवढीच, कीं जें माप आपण परक्याच्या ग्रंथास लावूं तेंच आपल्या ग्रंथास लावण्याची तयारी पाहिजे.

ही अट आपल्या वडील पिढ्यांनीं पाळली नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें. १८३१ सालीं मुंबईस जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याशीं मोरभट दांडेकरांचा जाहीर वाद झाला; पाठोपाठ मोरभटांनीं ‘हिंदुधर्मस्थापना’ हें पुस्तक लिहिलें, आणि विल्सननें त्यास पुस्तकानेंच उत्तर दिलें. पुढें १८५७ सालीं विष्णुबोवा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशीं वाद केले. या वादांमुळें मराठी गद्यास धार आली, हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य करतों. परंतु त्यांची रीत पाहा. मिशनऱ्यानें पुराणांतले परस्परविरोध काढून दाखवावे आणि बायबलांतल्या विरोधांस मात्र गूढार्थाचें पांघरूण घालावें. आपल्या पंडितानें बायबलांतल्या विसंगती मोजाव्या आणि पुराणांतल्यांस रूपक म्हणावें. चाकणच्या कारखान्यांत जो कामगार भाग तपासण्यास बसतो, तो एका खोक्यांतल्या भागास एक गेज व दुसऱ्या खोक्यांतल्या भागास दुसरें गेज लावूं लागला, तर त्याचे हातून एकही निर्णय खरा होणार नाहीं. त्या वादांचें नेमकें तसेंच झालें. दोन्ही पक्षांचे लोक आपापल्या घरीं विजयी होऊन परतले.

आतां आपल्या वह्यांकडे वळूं. तुकोबांचा अंतकाळ १६५० च्या सुमाराचा. त्यांच्या हयातींतच अभंग लिहून घेणारे दोन टाळकरी परंपरा सांगते: कडूसचे गंगाराम मवाळ आणि चाकणचे संताजी तेली जगनाडे. संताजींची समाधि चाकणजवळच्या सुदुंबऱ्यास आहे. पुढें दोनशें वर्षें हे अभंग प्रतींवरून प्रती होत राहिले. १८६९ व १८७३ सालीं विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनीं मुंबई सरकारच्या मदतीनें इंदुप्रकाश छापखान्यांतून गाथा दोन भागांत प्रसिद्ध केली, तेव्हां त्यांनीं देहू, तळेगांव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखितें एकमेकांशीं ताडून पाहिलीं. त्या गाथेंत सुमारें ४६०० अभंग आहेत. १८८९ सालीं तुकाराम तात्या पडवळ यांनीं जी गाथा छापली, तींत हीच संख्या आठ हजारांवर गेली. उलट, विनायक लक्ष्मण भावे यांनीं १९१९ च्या सुमारास जगनाडे घराण्यांत जपलेल्या वह्यांवरून जो ‘अस्सल गाथा’ छापला, त्यांत अभंग सुमारें तेराशेंच. एकाच संताच्या नांवावर तेराशें, शेहेचाळीसशें आणि आठ हजार!

हे आंकडे ऐकून जो म्हणेल कीं सारेंच खोटें, तो घाई करतो. आणि ‘असल्या चिकित्सेनें भक्तीचा नाश होतो’ असें म्हणून जो कान झांकील, तोही घाईच करतो. संताजींच्या वहींत नसलेला अभंग तुकोबांचा नव्हेच, असें सिद्ध होत नाहीं. एका लेखकानें सर्व अभंग उतरून घेतले असतील असें नाहीं. तथापि जो अभंग जुन्या व परस्परांपासून स्वतंत्र अशा अनेक वह्यांत आहे त्याचा अधिकार मोठा, आणि जो केवळ उशिराच्या एकाच वहींत आहे त्याचा लहान, एवढें कोणीही समंजस माणूस कबूल करील. सर्व भाविकांस प्रिय असणें हें अभंगाच्या गोडीचें प्रमाण होय, त्याच्या कर्तृत्वाचें नव्हे.

या वह्यांसंबंधीं दुसरी एक गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून तुकोबांनीं वह्या इंद्रायणींत बुडविल्या आणि तेरा दिवसांनीं त्या कोरड्या वर आल्या. या कथेचे पुरावे तपासले असतां त्यांचे दोन थर दिसतात. वह्या पाण्यांत गेल्या, कवीनें धरणें धरलें आणि त्या रक्षिल्या गेल्या असें त्यास वाटलें, याचा उल्लेख तुकोबांच्या स्वतःच्या अभंगांत आहे; त्यांची समकालीन शिष्या बहिणाबाई हिच्या अभंगांतही आहे. इतका निकटचा पुरावा इतिहासास क्वचित् मिळतो. परंतु त्या वह्या कोणत्या कारणानें वांचल्या, हें सांगण्याचें साधन इतिहासकाराजवळ नाहीं. तो साक्षीदार किती जवळचा होता एवढें सांगूं शकतो. ईश्वराचा हात होता कीं नव्हता हें वाचकाची श्रद्धा ठरवील. हा भेद ध्यानांत ठेवून आतां बायबल उघडूं.

बायबल हें नांव ज्या ग्रीक शब्दापासून आलें त्याचा अर्थच ‘पुस्तकें’ असा अनेकवचनी आहे. तो एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. प्रॉटेस्टंटांच्या गणनेप्रमाणें जुन्या करारांत ३९ व नव्या करारांत २७ मिळून ६६ पुस्तकें होतात. रोमन कॅथलिक ७३ मानतात. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेंत व थोडा अरामी भाषेंत आहे. नवा करार ग्रीक भाषेंत. सर्वांत जुनीं गीतें व सर्वांत अलीकडचीं पुस्तकें यांच्यामध्यें सुमारें हजार वर्षांचें अंतर पडतें. त्यांत वंशावळी आहेत, राजांच्या बखरी आहेत, कायदे, स्तोत्रें, म्हणी, प्रेमगीतें, संदेष्ट्यांचे कठोर शब्द आणि खाजगी पत्रेंही आहेत. ज्ञानेश्वरी, सभासदाची बखर, एकनाथांचीं भारुडें आणि एखाद्या सत्पुरुषाचीं पत्रें एका बासनांत बांधलीं, आणि मग कोणी विचारलें कीं ‘हें बासन खरें आहे काय?’ तर आपण प्रथम विचारूं, ‘त्यांतलें कोणतें पुस्तक?’ बायबलासंबंधीं बहुतेक वाद हा साधा प्रतिप्रश्न न विचारल्यामुळें माजलेले आहेत.

हीं पुस्तकें कशीं झालीं याविषयीं बायबलच ठिकठिकाणीं मोकळेपणानें सांगतें. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा छत्तिसावा अध्याय पाहावा. यिर्मया तोंडानें सांगत गेला आणि बारूख नांवाच्या लेखकानें तें गुंडाळीवर लिहून घेतलें. ती गुंडाळी यहोयाकीम राजापुढें वाचली जात असतां, हिवाळ्याची शेगडी पेटलेली होती. राजानें वाचलेला भाग सुरीनें कापून कापून त्या विस्तवांत टाकविला. तेव्हां यिर्मयानें तीं वचनें पुनः सांगितलीं, बारूखानें पुनः लिहिलीं, आणि त्यांत तशाच पुष्कळ वचनांची भर पडली. देहूच्या वाचकास ही कथा परकी वाटूं नये. तेथें नदी, येथें विस्तव. तेथें संताजी, येथें बारूख. पण शेवटचें वाक्य विशेष मोलाचें आहे: दुसरी प्रत पहिलीहून मोठी झाली, असें तो ग्रंथ स्वतःच म्हणतो. ग्रंथ वाढत गेला हें सांगण्यांत त्या लेखकास कांहीं कमीपणा वाटला नाहीं. तो आपणांसच कां वाटावा?

नव्या कराराचें असेंच. पुस्तकांच्या क्रमांत शुभवर्तमानें आधीं येतात, म्हणून तीं आधीं लिहिलीं गेलीं असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः उपलब्ध लेखांत सर्वांत जुनीं प्रेषित पौलाचीं पत्रें आहेत; तीं इ. स. ५० ते ६० च्या सुमाराचीं. चार शुभवर्तमानांपैकीं मार्ककृत पहिलें व तें इ. स. ७० च्या आगेमागे झालें, आणि मत्तय व लूक यांनीं त्याचा उपयोग केला, असें बहुतेक विद्वान् मानतात. लूक तर आरंभींच सांगतो कीं, आपल्यापूर्वीं अनेकांनीं हा वृत्तांत रचला असून आपण चौकशी करून तो अनुक्रमानें लिहीत आहों. म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर तीसचाळीस वर्षें त्याचीं वचनें मुख्यतः शिष्यांच्या कंठांत होतीं. तुकोबांचे अभंग टाळकऱ्यांच्या कंठांत होते तशींच. पुढें कोणतीं पुस्तकें प्रमाण मानावीं याची चर्चा शतकानुशतकें चालली. आज मान्य असलेल्या २७ पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या इ. स. ३६७ च्या पत्रांत प्रथम आढळते.

आतां विश्वसनीयतेकडे वळूं. हा शब्द उच्चारतांना आपण तीन निरनिराळे प्रश्न एकत्र करतों, आणि म्हणून एकाचेंही उत्तर मिळत नाहीं. लिहिलें गेलें तें आपल्या हातीं तसेंच आलें काय, हा पहिला प्रश्न. ज्याचें नांव वर आहे त्यानेंच तें लिहिलें काय, आणि केव्हां, हा दुसरा. जें लिहिलें तें तसें घडलें काय, हा तिसरा. पहिल्याचा निवाडा हस्तलिखितें करतात, दुसऱ्याचा भाषा व शैली, तिसऱ्याचा इतर साक्षीदार.

पहिल्या प्रश्नाच्या बाबतींत बायबलाची स्थिति पुष्कळ प्राचीन ग्रंथांहून बरी आहे. १९४७ सालीं मृतसमुद्राच्या कांठीं कुमरान येथें गुहांत मडक्यांत ठेवलेल्या गुंडाळ्या सांपडल्या. तोंवर हिब्रू जुन्या कराराच्या ज्या मोठ्या प्रती ठाऊक होत्या, त्या इ. स. च्या दहाव्या-अकराव्या शतकांतल्या. कुमरानची यशयाची गुंडाळी सुमारें २४ फूट लांब असून इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांतली आहे. म्हणजे एकदम हजार वर्षें मागें जाऊन ताडून पाहण्याची संधि मिळाली. लहानसहान पाठभेद पुष्कळ निघाले, पण ग्रंथ तोच निघाला. मात्र त्याच गुहांत यिर्मयाच्या पुस्तकाचे जे तुकडे मिळाले, त्यांपैकीं कांहीं हिब्रूंतल्या प्रचलित पाठाशीं जुळत नाहींत. ते जुन्या ग्रीक भाषांतराशीं जुळतात, आणि त्या भाषांतरांत हें पुस्तक सुमारें एक अष्टमांशानें लहान आहे. यिर्मयाच्या दोन आवृत्त्या एके काळीं एकत्र नांदत होत्या, हें यावरून उघड होतें. बारूखाच्या दुसऱ्या गुंडाळीची गोष्ट वाचलेल्यास याचें फारसें आश्चर्य वाटणार नाहीं.

नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांची संख्या पांच हजारांवर आहे. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयांत योहानकृत शुभवर्तमानाचा तळहाताहून लहान असा एक पपायरसाचा तुकडा आहे. तो दुसऱ्या शतकांतला मानतात व १९३५ सालीं तो प्रसिद्ध झाला. सिनाय पर्वताच्या पायथ्याच्या मठांत टिशेनडॉर्फ या जर्मन पंडितास जी चौथ्या शतकांतली प्रत मिळाली, ती १९३३ सालीं ब्रिटिश म्यूझियमनें रशियाकडून एक लक्ष पौंडांस विकत घेतली. इतक्या प्रती ताडल्या म्हणजे पाठभेद लाखांनीं निघतात. बहुतेक भेद शुद्धलेखनाचे वा शब्दक्रमाचे. पण कांहीं मोठेही आहेत. मार्काच्या शेवटच्या अध्यायांतलीं बारा वचनें दोन्ही प्रमुख जुन्या प्रतींत नाहींत. व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेल्या स्त्रीची गोष्ट, जिच्यांत निष्पाप असेल त्यानें पहिला धोंडा मारावा असा येशूचा निवाडा आहे, ती योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत आढळत नाहीं. इतकी हृदयस्पर्शी कथा, आणि ती मागाहून आलेली! भाविक ख्रिस्ती मनास येथें जें दुःख होतें, तेंच एखादा आवडता अभंग जुन्या वहींत नाहीं असें कळल्यावर वारकऱ्यास होतें. त्या दुःखाचा आम्ही उपहास करणार नाहीं. पण आधुनिक बायबलें हीं वचनें कंसांत टाकून खालीं खरी हकीकत देतात, हें त्या परंपरेच्या प्रामाणिकपणास भूषण होय.

दुसरा प्रश्न कर्तृत्वाचा. मोशेचे म्हणून जे पांच ग्रंथ आहेत त्यांत मोशेच्या मृत्यूची हकीकतही आहे. उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत सृष्टीच्या निर्मितीचीं दोन वर्णनें असून त्यांचा क्रम व देवाचें नांव भिन्न आहे. १८७८ सालीं वेलहाउझेन या जर्मन पंडितानें हे ग्रंथ निरनिराळ्या काळच्या लेखांतून विणले गेले असें मांडलें. त्याच्या तपशिलावर पुढें पुष्कळ वाद झाले, पण एकाहून अधिक हात त्यांत आहेत हें आज बहुतेक अभ्यासक मानतात.

तिसऱ्या प्रश्नास उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं; उदाहरणानें देतां येतें. इ. स. पूर्वीं ७०१ सालीं अश्शूरचा राजा सन्हेरीब यानें यहूदावर स्वारी केली. बायबलांत ती हकीकत आहे, आणि सन्हेरीबानें स्वतः कोरविलेला मृत्तिकालेखही आज ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. त्यांत तो म्हणतो कीं, आपण ४६ तटबंदीचीं गांवें घेतलीं आणि हिज्कीया राजास यरुशलेमांत पिंजऱ्यांतल्या पक्ष्याप्रमाणें कोंडलें. नगर घेतलें असें मात्र तो म्हणत नाहीं. बायबलही म्हणतें कीं नगर वांचलें. खंडणींतलें सोनें दोन्हीकडे ३० किक्कार. चांदी बायबलांत ३००, तर सन्हेरीबाच्या लेखांत ८००. नगर कां वांचलें याचें कारण बायबल परमेश्वराच्या दूतास देतें; सन्हेरीब त्याविषयीं गप्प आहे. दोन शत्रूंच्या बखरी जेथें जुळतात तेथें पाया पक्का समजावा. जेथें जुळत नाहींत तेथें प्रत्येकाचा हेतु पाहावा. मराठी व मोगल कागद समोरासमोर ठेवणाऱ्या आमच्या इतिहाससंशोधकांस ही रीत नवी नाहीं. शाइस्तेखानानें १६६० सालीं चाकणचा किल्ला घेतला, ती हकीकत आपण दोन्ही बाजूंच्या लेखांवरूनच जुळवितों.

उलट बाजूही पाहावी. गल्याथास दावीदानें मारलें हें सर्वांस ठाऊक आहे. पण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत तेंच कृत्य एलहानानाच्या नांवावर आहे, आणि पुढें इतिहासाच्या पुस्तकांत तेंच वाक्य बदलून एलहानानानें गल्याथाच्या भावास मारलें असें केलें आहे. पूर्वीचा विरोध कोणा लेखकास खटकला व त्यानें तो मिटविण्याचा यत्न केला, असें येथें स्पष्ट दिसतें. यावरून दावीदच काल्पनिक ठरविणें मात्र अविचाराचें. १९९३ सालीं तेल दान येथें इ. स. पूर्वीं नवव्या शतकांतला जो शिलालेख सांपडला, त्यांत ‘दावीदाचें घराणें’ असा उल्लेख बहुतेक विद्वानांनीं वाचला आहे.

येशू ख्रिस्त झाला, त्यास पंतय पिलाताच्या अमलांत मृत्युदंड झाला, याविषयीं आज गंभीर इतिहासकारांत मतभेद जवळजवळ नाहीं. रोमन इतिहासकार टॅसिटस यानेंही त्याचा उल्लेख केला आहे. तो पुनः उठला असें त्याचे अनुयायी अगदीं आरंभापासून सांगत होते, याची साक्ष पौलाच्या पत्रांत आहे, आणि पौल पेत्रास व येशूचा भाऊ याकोब यास प्रत्यक्ष भेटला होता. एथवर इतिहास येतो. पुढचें पाऊल श्रद्धेचें आहे. इंद्रायणीच्या वह्यांपाशीं आपण जेथें थांबलों, तेथेंच येथेंही थांबावें. तेथें थांबलों आणि येथें हंसलों, किंवा येथें वांकलों आणि तेथें हंसलों, तर आपलें गेज खोटें ठरलें.

मराठी वाचकापुढें मूळ ग्रंथ व तो यांच्यामध्यें आणखी एक पडदा असतो, तो भाषांतराचा. ख्रिस्तकथा मराठींत प्रथम मोठ्या प्रमाणावर आणली ती फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें. त्याचें ओंवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोव्यांत छापलें गेलें. त्या शतकांत त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या, पण आज त्यांपैकीं एकही छापील प्रत उपलब्ध नाहीं. १९०७ सालीं मंगळुरास तें पुनः छापलें तें हस्तलिखितांवरून. छापलेला ग्रंथ नष्ट व्हावा आणि हातानें उतरलेल्या वह्यांनीं तो वांचवावा, असा हा विलक्षण प्रकार आहे. पुढें श्रीरामपुरास विल्यम कॅरी यानें वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें १८०५ सालीं मत्तयाचें शुभवर्तमान व १८११ सालीं नवा करार मराठींत आणला. मुंबईच्या अमेरिकन मिशननें नवा करार १८२६ सालीं व संपूर्ण बायबल १८४७ सालीं प्रसिद्ध केलें. पण या सर्वांत आम्हांस सर्वांत विस्मयकारक वाटतो तो पंडिता रमाबाईंचा यत्न. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर, तें सामान्य बायकांस कळत नाहीं, म्हणून पुणें जिल्ह्यांतल्याच केडगांवीं मुक्तिसदनांत या विदुषीनें उतारवयांत हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून सबंध बायबल पुनः मराठींत उतरविलें. तेथल्याच स्त्रियांनीं तें छापलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या; ग्रंथ १९२४ सालीं बाहेर आला. जिनें बालपणीं पुराणें मुखोद्गत केलीं होतीं, तिनें नव्या धर्माचा ग्रंथही दुसऱ्याच्या तोंडून न घेतां मुळांतून तपासला. अध्ययनाचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाहीं.

सर्वांस हिब्रू-ग्रीक शिकतां येणार नाहीं, हें आम्ही जाणतों. तरीही घरच्या घरीं करण्याजोग्या कांहीं गोष्टी आहेत. पहिल्या पानापासून आरंभ करून वंशावळींत अडकूं नये. मार्काचें शुभवर्तमान एका बैठकींत वाचावें, तें लहान आहे. मग मत्तय व लूक शेजारीं ठेवून एकच प्रसंग तिघे कसा सांगतात तें पाहावें. येशूच्या दोन वंशावळी कोठें फुटतात तेंही पाहावें. जुन्या करारांत आमोस हा लहानसा संदेष्टा आणि स्तोत्रें आधीं घ्यावीं. गरिबाचा कैवार घेणारा आमोसाचा कडकपणा तुकोबांच्या वाचकास ओळखीचा वाटेल. वाचतांना प्रथम ठरवावें कीं हें गीत आहे, बखर आहे, कायदा आहे कीं पत्र. गीताकडून बखरीची साक्ष मागूं नये. मराठींत आज एकाहून अधिक भाषांतरें मिळतात, त्यांतलीं दोन समोर ठेवावीं. जेथें तीं भिन्न पडतात तेथें मुळांत कांहीं अवघड आहे असें समजावें. तळटीपा टाकून देऊं नयेत. आणि एकच वचन संदर्भांतून उपटून त्यावर मत उभारूं नये, मग तें मत स्तुतीचें असो वा निंदेचें.

कोणी म्हणेल कीं, ही पारखण्याची रीत पाश्चात्यांची, ती आपल्या ग्रंथांस कां लावावी? यावर दोन उत्तरें आहेत. बायबल व ग्रीक ग्रंथ यांवर युरोपांत जी पाठचिकित्सा घडली, तीच बर्लिनला शिकून आलेल्या विष्णु सीताराम सुकथनकरांनीं पुण्यास भांडारकर संस्थेंत महाभारतास लावली. १९१९ सालीं आरंभलेलें तें काम बाराशेंहून अधिक हस्तलिखितें तपासून १९६६ सालीं पुरें झालें, आणि त्यामुळें महाभारताचा मान जगांत वाढला. दुसरें उत्तर याहूनही जवळचें आहे. शके १५०६ त, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून ती शुद्ध केली, आणि यापुढें कोणी तींत पदरची ओंवी घालील तर तें अमृताच्या ताटांत करवंटी ठेवण्यासारखें होईल, अशा अर्थाचा इशारा शेवटीं दिला. युरोपांत इरॅस्मसनें ग्रीक नवा करार छापून अवघीं अडुसष्ट वर्षें झालीं होतीं, तेव्हांची ही गोष्ट. एकनाथांची भक्ति कोणाहून कमी होती असें कोण म्हणेल? भक्ति होती म्हणूनच त्यांस अशुद्ध पाठ सहन झाला नाहीं.

कवि नारायण वामन टिळक म्हणत कीं, आपण ख्रिस्ताकडे आलों ते तुकोबांच्या पुलावरून. त्या पुलावरून उलट दिशेनेंही ये-जा होऊं शकते. ज्यास संताजींच्या वहीचें मोल कळलें, तो बारूखाच्या गुंडाळीचा उपहास करणार नाहीं. आणि ज्यानें मार्काचीं शेवटचीं बारा वचनें कंसांत टाकलेलीं पाहून आपली श्रद्धा टिकविली, तो शेजाऱ्याच्या गाथेंतल्या प्रक्षेपांवर टाळ्या पिटणार नाहीं. तेव्हां पुढच्या खेपेस शेजाऱ्याच्या घरीं हा विषय निघाला, तर वाचकांनीं एवढें करावें: आपलें पुस्तक बरोबर न्यावें, त्याचें मागावें, आणि दोन्ही उघडून एकाच दिव्याखालीं ठेवावीं.